साथ आली हे सांगायचे कोणी?

दिल्लीत शामनाथ मार्गावर राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र ही संस्था आहे. १९०९ मध्ये कसौलीला सुरू झालेला मलेरिया ब्युरो हे तिचे मूळ. १९३८ मध्ये तिचे बस्तान दिल्लीला हलले, १९६३ मध्ये हिवतापाच्या जोडीला इतर संसर्गजन्य रोगांचे काम तिच्याकडे आले आणि २००९ मध्ये आजचे नाव मिळाले. अमेरिकेतील अटलांटाचे सीडीसी, म्हणजे तिथले रोग नियंत्रण केंद्र, हेही हिवतापाच्याच पोटी जन्मले. दुसऱ्या महायुद्धात दक्षिणेकडील लष्करी तळांभोवतीचे डास आवरण्यासाठी उभारलेल्या कार्यालयाला १ जुलै १९४६ रोजी कायमचे रूप देण्यात आले. म्हणजे कुळ एकच, आणि वयाने दिल्लीची संस्था थोरली. तरी साथीची बातमी आली की आपल्याकडच्या जाणत्या वाचकालाही अटलांटा आठवते, शामनाथ मार्ग आठवत नाही. दोन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे हे खरे. पण तेवढे कारण सांगून विषय मिटवता येत नाही. आपल्या हवामान खात्याकडेही अमेरिकेइतका पैसा नाही, आणि तरी पावसाळ्यात त्याचे नाव घराघरात असते.

राष्ट्रीय पातळीवरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने नेमके काय करायचे, या प्रश्नाचा जगाने गेल्या पंचवीस वर्षांत बराच कीस पाडला आहे. २००३ च्या सार्सने टोरांटोत ४४ बळी घेतल्यावर कॅनडाने पुढच्याच वर्षी अशी संस्था काढली. युरोपीय संघाची संस्था २००५ मध्ये स्टॉकहोमला सुरू झाली, इबोलाने पोळलेल्या आफ्रिकी संघाने २०१७ मध्ये आपली उभारली. ब्रिटनने २०१३ मध्ये काढलेली संस्था २०२१ मध्ये मोडून तिच्या जागी दुसरी आणली. या साऱ्या उभारणीत आणि मोडतोडीत चर्चा बहुतेक वेळा अधिकारांची झाली: संस्थेला शहर बंद करता यावे का, राज्यांना आदेश देता यावा का, लस सक्तीची करता यावी का. माझ्या मते हा प्रश्न दुय्यम आहे. अशा संस्थेची किंमत ठरते ती रोगाची मोजणी करण्याच्या तिच्या ताकदीवर, आणि मोजलेले स्वतःच्या सहीने, ठरल्या दिवशी, वर विचारायला न जाता जाहीर करण्याच्या तिला असलेल्या मुभेवर. भारताने मोजणीची यंत्रणा बऱ्याच कष्टाने उभी केली आहे. जाहीर करण्याची मुभा मात्र कोणालाच दिलेली नाही.

मोजणी हे काम दिसायला कोरडे असते. पण देवीचा रोग भारतातून गेला तो लसीइतकाच मोजणीमुळे. लस दीडशेहून जास्त वर्षे उपलब्ध होती आणि सरसकट लसीकरणाच्या मोहिमाही झाल्या होत्या. १९७३ च्या पावसाळ्यानंतर डावपेच बदलले. आरोग्य कर्मचारी देवी आलेल्या बाळाचे छायाचित्र हातात घेऊन घरोघर, बाजारात, शाळांत विचारत फिरू लागले आणि उत्तर प्रदेश, बिहारमध्ये पहिल्याच शोधफेरीत आधी नोंदल्या जाणाऱ्या रुग्णांच्या कितीतरी पट रुग्ण सापडले. कागदावर पाहिले तर मोहीम सुरू होताच रोग भडकल्यासारखे दिसत होते. १९७४ च्या उन्हाळ्यात बिहारमधील साथ जगभरच्या वर्तमानपत्रांत गाजली, नेमकी त्याच मे महिन्यात पोखरणला अणुस्फोट झाल्यामुळे जरा जास्तच. त्या वेळी आकडा दडवला असता, किंवा शोध घेणाऱ्यांना गप्प बसवले असते, तर सरकारची अब्रू काही महिने वाचली असती. तसे झाले नाही. मे १९७५ मध्ये देशातल्या देवीच्या शेवटच्या स्थानिक रुग्णाची नोंद झाली. चांगल्या मोजणीचा पहिला परिणाम परिस्थिती बिघडल्याचा भास हा असतो. हे ज्या राज्यकर्त्याला सोसत नाही त्याला अशी संस्था सोसत नाही.

नारूची गोष्ट त्याहून कमी सांगितली जाते, आणि ती तर शामनाथ मार्गाचीच गोष्ट आहे. पायऱ्यांच्या विहिरीत लोक पाणी भरायला उतरत, नारू झालेल्याचा पाय पाण्यात बुडे, अळ्या पाण्यात सुटत, पाण्यातले डोळ्यांना जेमतेम दिसणारे सायक्लॉप्स त्या गिळत आणि तेच पाणी प्यायलेल्या माणसाच्या पायातून वर्षभराने हात-दीड हात लांबीचा दोऱ्यासारखा जंत बाहेर येई. यावर औषध नव्हते, लसही नव्हती. १९८४ मध्ये देशात या रोगाचे सुमारे चाळीस हजार रुग्ण मोजले गेले. महाराष्ट्रही बाधित राज्यांत होता. दिल्लीच्या संस्थेकडे मोहिमेची सूत्रे होती. तिने केले काय? गावागणिक शोध, रुग्णांची यादी, पाणी फडक्यातून गाळण्याची शिकवण, पायऱ्यांच्या विहिरी बुजवून किंवा बंदिस्त करून हातपंप, आणि पुन्हा शोध. जुलै १९९६ मध्ये राजस्थानात शेवटचा रुग्ण सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरवला. आदिवासी भागांत आढळणाऱ्या यॉज या त्वचारोगाचेही असेच झाले. त्याचे प्रमाणपत्र २०१६ मध्ये मिळाले. या संस्थेत दम नाही असे म्हणणाऱ्याने ही दोन कामे वाचावीत. पण एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. नारूचा आकडा जाहीर झाल्याने कोणाची निर्यात थांबत नव्हती, कोणाचे विमान रद्द होत नव्हते, कोणा मंत्र्याचा राजीनामा मागितला जात नव्हता. आकड्याला राजकीय किंमत नव्हती, म्हणून संस्थेला मोकळे रान मिळाले.

आकड्याला किंमत असते तेव्हा काय होते ते १९९४ मध्ये दिसले. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पिसवांचा उपद्रव वाढल्याच्या तक्रारी आल्या, आणि महिना संपण्याआधी जांघेत, काखेत गाठी आलेले तापाचे रुग्ण दिसू लागले. आदल्या वर्षीच्या किल्लारीच्या भूकंपाशी, पडक्या घरांतल्या धान्याशी आणि उंदरांशी काही अभ्यासकांनी त्याचा संबंध जोडला. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत न्यूमोनियासारख्या आजाराने माणसे तडकाफडकी मरू लागली. पुढच्या काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले आणि त्यांत कित्येक खाजगी डॉक्टरही होते. एवढ्या गदारोळात मृत्यू किती, तर साऱ्या देशात पन्नासच्या घरात. पण हा प्लेगच आहे की नाही याविषयी पालिका, राज्य सरकार, केंद्र सरकार आणि निरनिराळ्या प्रयोगशाळा वेगवेगळ्या सुरात बोलत राहिल्या. जिवाणू वाढवून केलेली निर्णायक तपासणी रखडली, आणि तज्ज्ञांत ‘प्लेग की दुसरे काही’ हा वाद महिनोन्महिने चालला. शेवटी प्राध्यापक रामलिंगस्वामी यांच्या समितीने प्लेगवर शिक्कामोर्तब केले. तोवर आखाती देशांनी विमाने थांबवली होती आणि भारतीय माल परत पाठवला जात होता. या प्रकरणात अज्ञानाचा दोष मी कमी मानतो. नव्या रोगाच्या पहिल्या आठवड्यात कोणालाच सगळे ठाऊक नसते. दोष याचा होता की ‘आज आम्हाला एवढे कळले, एवढे कळायचे आहे, उद्या याच वेळी पुन्हा सांगू’ असे म्हणणारा एकही विश्वासाचा आवाज देशात नव्हता.

सुरतेनंतर यंत्रणा मात्र खरोखर बदलली, आणि तिचे श्रेय दिले पाहिजे. १९९७-९८ मध्ये संसर्गजन्य रोगांच्या सर्वेक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम काही जिल्ह्यांत सुरू झाला. नोव्हेंबर २००४ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प आला. उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेच्या वहीतून, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागातून आणि प्रयोगशाळेतून दर आठवड्याला माहिती जिल्ह्याकडे, तिथून राज्याकडे आणि दिल्लीकडे जाऊ लागली. प्रत्येक जिल्ह्याला सर्वेक्षण कक्ष मिळाला. त्यातली बरीच पदे कंत्राटी राहिली, हे आलेच. २०२१ मध्ये कागदाची जागा घेणारे डिजिटल व्यासपीठ आले. प्रयोगशाळांतला बदल तर डोळ्यांत भरतो. २००१ मध्ये सिलिगुडीत ४५ जण दगावले, त्यांतल्या अनेकांना रुग्णालयातच लागण झाली होती, आणि तो निपा विषाणू होता हे नंतर, जपून ठेवलेले नमुने अटलांटात तपासल्यावर नक्की झाले. २०१८ मध्ये कोळीकोडला तोच विषाणू आला तेव्हा मणिपाल आणि पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था यांनी काही दिवसांत निदान केले आणि केरळने साथ आवरली. १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने पुण्यात निघालेल्या या संस्थेच्या खात्यावर कर्नाटकातला क्यासनूर जंगलताप आहे, १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाच्या नावाने जगाला माहीत झालेला विषाणू आहे. तिथल्या शास्त्रज्ञांच्या तोडीविषयी शंका घ्यायला जागा नाही.

मग अडते कुठे? या साऱ्या माहितीचा मालक कोण, हे स्पष्ट नाही तिथे. रोग नियंत्रण केंद्र हे आरोग्यसेवा महासंचालनालयाच्या हाताखालचे कार्यालय आहे. त्याला स्वतःचा कायदा नाही, संचालकाला कायद्याने बांधलेली मुदत नाही. पुण्याची विषाणू संस्था भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे मंत्रालयातल्या दुसऱ्या विभागाची. जन्ममृत्यूची नोंद महानिबंधकांकडे, म्हणजे गृह मंत्रालयाकडे. उष्माघाताच्या मृत्यूंचे तर तीन सरकारी कार्यालयांचे तीन आकडे मिळतात आणि विदर्भातल्या पत्रकाराने कोणता छापायचा हे त्यालाच ठरवावे लागते. सर्वेक्षण प्रकल्पाच्या साप्ताहिक उद्रेक याद्या प्रसिद्ध होतात, पण अनेकदा इतक्या उशिरा की त्यांचा उपयोग इतिहास लिहिणाऱ्याला अधिक. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागात गिया-बारे आजाराचे रुग्ण अचानक वाढले. ते पहिल्यांदा लक्षात आले शहरातल्या डॉक्टरांच्या, कारण एरवी क्वचित दिसणारे रुग्ण एकाच भागातून एकापाठोपाठ दाखल होऊ लागले होते. मग महापालिका, राज्य, केंद्राचे पथक, विषाणू संस्था सगळे धावले, शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडला, पाण्याकडे बोट गेले. रुग्णसंख्या दोनशेच्या पुढे गेली. काम वाईट झाले नाही. पण किरकटवाडीतल्या माणसाला ‘पाणी उकळून प्या’ यापलीकडचे, म्हणजे कोणत्या वस्तीत किती रुग्ण आणि कोणत्या विहिरीच्या वा टँकरच्या नमुन्यात काय निघाले, हे सलगपणे सांगणारी एक जागा नव्हती. तो ते निरनिराळ्या अधिकाऱ्यांच्या निरनिराळ्या विधानांतून जुळवत होता.

कोविडच्या काळात ही विस्कळीत रचना साऱ्या देशाने अनुभवली. चाचण्यांचे धोरण आणि चाचण्यांची माहिती संशोधन परिषदेकडे होती, संपर्कशोध रोग नियंत्रण केंद्राकडे, निर्णय २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली गृह मंत्रालयाकडे. तीच संशोधन परिषद एका लसीच्या निर्मितीत भागीदारही होती, आणि २०२० च्या जुलैत तिने ती लस १५ ऑगस्टपर्यंत आणण्याची घाई करणारे पत्र रुग्णालयांना धाडले. २०२१ च्या एप्रिलअखेर दुसरी लाट चढत असताना शेकडो शास्त्रज्ञांना पंतप्रधानांकडे जाहीर विनंती करावी लागली की चाचण्यांची सविस्तर माहिती अभ्यासकांना खुली करा. मृत्यूंच्या वादाने तर कळस गाठला. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने दोन वर्षांतले भारतातील जादा मृत्यू सुमारे ४७ लाख असावेत असा अंदाज दिला. सरकारी आकडा होता ४ लाख ८१ हजार. सरकारने संघटनेच्या गणिती पद्धतीवर आक्षेप घेतला, आणि त्यातल्या काही हरकती तज्ज्ञांनी विचारात घ्याव्यात अशा होत्या. पण आक्षेप घेणाऱ्याकडे स्वतःचा, पद्धतीसह छापलेला अंदाज असायला हवा होता, तो नव्हता. २०२१ सालच्या मृत्यूनोंदणीचे आकडे मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यांत आदल्या वर्षापेक्षा सुमारे २१ लाख जास्त मृत्यू होते. नोंदणीचे प्रमाण सुधारल्याचा वाटा त्यातून वजा करा, कितीही उदारपणे करा. तरी ही माहिती चार वर्षे कपाटात राहावी याचे समर्थन होत नाही.

दक्षिण कोरियाने हा धडा आपल्याआधी गिरवला. २०१५ च्या मे महिन्यात आखातातून परतलेल्या एका प्रवाशाबरोबर मर्स तिथे पोहोचला. रुग्णालयांची बदनामी होईल, लोक घाबरतील म्हणून सरकारने बाधित रुग्णालयांची नावे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दडवली. लोक त्याच रुग्णालयांत जात राहिले, नातेवाईक, शेजारच्या खाटेवरचे रुग्ण बाधित झाले. १८६ रुग्ण आणि ३८ मृत्यू अशी नोंद झाली. त्यानंतर अशी माहिती जाहीर करणे कायद्याने बंधनकारक झाले. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा कोरियन संस्थेच्या प्रमुख जंग उन-क्यंग रोज स्वतः पत्रकारांसमोर उभ्या राहिल्या आणि ठाऊक नसलेल्या गोष्टी ठाऊक नाहीत असे सांगत राहिल्या. त्याच सप्टेंबरात संस्थेला मंत्रालयापासून अधिक स्वतंत्र दर्जा मिळाला. चीनची कहाणी उलटी आहे. सार्सनंतर तिथे देशभरच्या रुग्णालयांतून थेट मध्यवर्ती संस्थेकडे माहिती नेणारे इंटरनेट-जाळे २००४ मध्ये उभे राहिले, त्या काळात जगात सर्वांत मोठे. २०१९ च्या डिसेंबरात वुहानमध्ये ते वेळेवर वाजले नाही, कारण नोंद करण्याआधी स्थानिक वरिष्ठांचे मत घेतले जात होते. कॅनडानेही जगभरच्या बातम्यांतून साथीचा सुगावा घेणारी आपली नावाजलेली यंत्रणा कोविडच्या आदल्या वर्षीच मंदावू दिली होती, आणि तिथल्या महालेखापरीक्षकांनी नंतर त्यावर ताशेरे मारले. यंत्र कितीही चांगले असो, त्याची घंटा कोणाच्या परवानगीने वाजते हा प्रश्न उरतोच.

‘लोक घाबरतील’ हा आक्षेप प्रत्येक देशात, प्रत्येक वेळी येतो. तो टाकाऊ नाही, सुरत त्याची साक्ष आहे. पण सुरतेतले लोक पळाले ते अफवेवर, अधिकृत आकड्यावर नव्हे. आकडा तर कोणी धडपणे देतच नव्हते. इथे हवामान खात्याकडे पुन्हा पाहावे. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ मध्ये फायलिन आले तेव्हा खात्याने चार-पाच दिवस आधीपासून रोज, ठरल्या वेळी इशारे दिले, राज्याने लाखो लोक हलवले आणि मृत्यू काही डझनांवर आले. इशारा गंभीर होता, घबराट झाली नाही. खात्याची व्यवस्था नीट पाहण्यासारखी आहे: ते रेड अलर्ट देते, शाळेला सुट्टी देत नाही. सुट्टी जिल्हाधिकारी देतात, धरणाचे दरवाजे पाटबंधारे विभाग उघडतो. इशारा देणाऱ्याकडे हुकमाचा अधिकार नसल्यामुळे इशारा द्यायला त्याचा हात कचरत नाही. कोणी म्हणेल, मग हवामान खात्याला तरी कुठे स्वतंत्र कायदा आहे? नाही, खरेच नाही. पण पावसाबद्दल कोणी मंत्र्याला जाब विचारत नाही. पाण्यातून पसरलेल्या रोगाबद्दल विचारतात, आणि म्हणून जे हवामानात रिवाजाने चालते ते आरोग्यात कायद्याने बांधावे लागते.

दुसरा आक्षेप संघराज्याचा. सार्वजनिक आरोग्य हा घटनेने राज्यांना दिलेला विषय आहे. एका राज्यातून दुसऱ्यात रोग पसरू नये यासाठीचे उपाय तेवढे समवर्ती सूचीत येतात. दिल्लीत बलवान संस्था निघाली की ती राज्यांच्या हद्दीत शिरणार, आणि केंद्रातला पक्ष विरोधी पक्षांच्या राज्यांना आकड्यांनी बदनाम करणार, ही भीती अनुभवातून आलेली आहे. जून २०२० मध्ये महाराष्ट्राने नोंदीतून सुटलेले तेराशेहून अधिक मृत्यू एका दिवसात यादीत घातले. प्रामाणिकपणाचे हे काम त्या दिवशीच्या बातम्यांत अपयशासारखे दिसले. ज्यांनी असे काही केले नाही त्यांचे तक्ते नीटनेटके राहिले. मला वाटते, या भीतीवरचा उपाय संस्था दुबळी ठेवण्यात नाही. सर्व राज्यांचे आकडे एकाच व्याख्येने, एकाच दिवशी, मोजणी किती पूर्ण आहे या मापासह छापले जाऊ लागले, तर जास्त मोजणाऱ्याला जास्त आजारी समजण्याची चूक कमी होईल. आदेश देणारी केंद्रीय संस्था राज्यांचा अधिकार हिसकावते; मोजून सांगणारी संस्था राज्याच्या अधिकाऱ्याला त्याच्याच मंत्र्यासमोर आधार देते.

अधिकारांविषयीची धास्ती महाराष्ट्राला वेगळी समजावून सांगायला नको. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत गाठीचा प्लेग आहे हे उघडपणे म्हणणारे डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस हे गोव्याहून आलेले, स्वतःचा व्यवसाय करणारे डॉक्टर आणि महापालिकेचे सभासद होते. सरकारी नोकर नव्हते. अधिकारी मंडळी तेव्हा त्या तापाला सौम्य नाव शोधत होती. पुढे ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला, पुण्यात सोल्जर घरात घुसले, आणि २२ जून १८९७ च्या रात्री काय झाले ते शाळेच्या पुस्तकात आहे. तो जेमतेम चार कलमांचा कायदा सव्वाशे वर्षांनंतर, २०२० मधल्या दुरुस्तीसह, आजही लागू आहे. त्यात सरकारला हवा तो उपाय योजण्याची मुभा आहे, आज्ञाभंगाला शिक्षा आहे. रोग मोजण्याचे किंवा लोकांना माहिती देण्याचे कर्तव्य कोणावरही घातलेले नाही. इंग्रजांना हुकूम हवा होता, माहिती द्यायची नव्हती, आणि आपण तीच मांडणी पुढे चालवली. २०१७ मध्ये नव्या सार्वजनिक आरोग्य कायद्याचा मसुदा निघाला तोही मुख्यतः अधिकारांचा होता, आणि मसुदाच राहिला. २०२४ मध्ये नीती आयोगाच्या तज्ज्ञगटाने पुन्हा नव्या आणीबाणी कायद्याची शिफारस केली. आणीबाणीत कोणाला काय करता येईल याची तजवीज जरूर करावी. पण आणीबाणी नसलेल्या आठवड्यांत कोणी काय छापायचे, हे त्याआधी ठरायला हवे.

सर्वांत अवघड आक्षेप स्वायत्ततेवरचा आहे. स्वतंत्र संस्था चुका करत नाहीत असे नाही. अटलांटाच्या संस्थेने १९७६ मध्ये स्वाइन फ्लूची साथ येणार असे गृहीत धरून चार कोटींहून अधिक लोकांच्या लसीकरणाला चालना दिली. साथ आली नाही, उलट लसीनंतर गिया-बारेचे रुग्ण दिसल्याने मोहीम थांबवावी लागली. टस्कीगीच्या कृष्णवर्णीय रुग्णांवर उपचार न करता सिफिलिसचा अभ्यास चालवण्याचे पाप १९७२ पर्यंत चालले, आणि त्याच्या शेवटच्या पर्वात हीच संस्था त्यामागे उभी होती. २०२० मध्ये तिनेच बनवलेला कोविड चाचणीचा संच सदोष निघाला आणि मोलाचे आठवडे गेले. या यादीला माझ्याकडे उत्तर एवढेच आहे की यांतली प्रत्येक चूक आपल्याला तपशिलासह माहीत आहे. १९८१ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांमधल्या विचित्र न्यूमोनियाची छोटी नोंद जिच्यात आली आणि एड्सची ओळख जगाला झाली, ती साप्ताहिक पत्रिका संस्थेच्या यशाबरोबर तिच्या चुकांचाही कागद ठेवत होती. शिवाय स्वायत्तता म्हणजे बेजबाबदारी नव्हे. संसदेच्या समितीपुढे संचालकाने हजर व्हावे, दर काही वर्षांनी बाहेरच्या तज्ज्ञांनी कामाची झाडाझडती घ्यावी, पैशाचा हिशेब महालेखापालांनी पाहावा. फक्त शुक्रवारच्या अहवालातला आकडा गुरुवारी मंत्रालयात मंजुरीला जाऊ नये.

आणि तरीही कायदा पुरत नाही, हेही अमेरिकेनेच दाखवले. जानेवारी २०२५ मध्ये नव्या प्रशासनाने आरोग्य खात्यांच्या जाहीर संवादाला स्थगिती दिली आणि साठहून अधिक वर्षे अखंड निघणारी ती पत्रिका दोन आठवडे निघाली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संचालकांना महिन्याभरातच पदावरून काढले गेले, मागोमाग अनेक ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी राजीनामे दिले. ज्याला आपण नमुना मानत होतो तोच नमुना ठिसूळ निघाला. यावरून काहीजण असा निष्कर्ष काढतात की सत्तेपुढे सगळ्या संस्था सारख्याच, तेव्हा स्वायत्ततेच्या गोष्टी सोडा. मला उलट वाटते. पत्रिका एक आठवडा निघाली नाही तर ती बातमी झाली, कारण ती दर आठवड्याला निघते हे सर्वांना ठाऊक होते. आपल्या साप्ताहिक याद्या महिनोन्महिने उशिरा आल्या तरी कोणाच्या लक्षातही येत नाही. खंड पडल्याचे जाणवण्यासाठी आधी सातत्य असावे लागते.

राहिला खर्चाचा मुद्दा. आहे तो पैसा प्राथमिक आरोग्य केंद्रांना द्या, दिल्लीतल्या कचेऱ्यांना कशाला, असे म्हणणाऱ्यांशी माझा अर्धा मतभेद आहे. जिल्हा साथरोगतज्ज्ञाचे पद रिकामे असेल, आशा ताईंचे मानधन थकले असेल, तर वरची कोणतीही संस्था पोकळ वासा ठरेल. मोजणी गावातूनच सुरू होते. हिवतापाचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे: १९६५ मध्ये रुग्णसंख्या लाखाच्या आसपास उतरली होती, मग गावपातळीवरची पाळत सैल पडली आणि १९७६ पर्यंत ती ६४ लाखांवर गेली. पण खालची मोजणी वर कोणी वाचत नसेल, तिचे पुढे काही होत नसेल, तर वही भरणाराही कंटाळतो. शिवाय आपल्याकडचे बहुतेक बाह्यरुग्ण खाजगी डॉक्टरांकडे जातात आणि ते या जाळ्यात जवळजवळ नाहीतच. ते आणता येतात हे क्षयरोगाने दाखवले. २०१२ मध्ये क्षयरुग्णाची नोंद सर्वांना बंधनकारक झाली, पुढे तिला दंडाची आणि मदतीची जोड मिळाली, आणि २०१९ पर्यंत खाजगी क्षेत्रातून वर्षाला साडेसहा लाखांहून अधिक नोंदी येऊ लागल्या. डेंग्यू, चिकुनगुन्या, कावीळ यांच्या खाजगी प्रयोगशाळांतल्या नोंदींचे हेच करता येईल, फार तर दोन-तीन वर्षांत.

२०२१ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या आरोग्य पायाभूत सुविधा अभियानात पाच वर्षांसाठी ६४ हजार कोटींहून अधिक रकमेची घोषणा झाली. त्यात रोग नियंत्रण केंद्राच्या पाच प्रादेशिक शाखा आणि महानगरांसाठी वीस सर्वेक्षण कक्ष आहेत. इमारती होतील, यंत्रे येतील. महानगरातल्या अशा कक्षाने एखाद्या प्रभागातल्या पाण्यात दोष पकडला, तर तो निष्कर्ष कक्षप्रमुख आपल्या सहीने त्याच दिवशी प्रसिद्ध करू शकेल की आयुक्त, राज्य आणि दिल्ली यांच्या फेऱ्या मारून तो पंधरवड्याने बाहेर येईल, हे मात्र त्या योजनेने ठरवलेले नाही. संस्थेला कायद्याचा आधार, संचालकाला निश्चित मुदत, खाजगी प्रयोगशाळांवर नोंदीचे बंधन या गोष्टींना संसदेत वेळ लागेल, राज्यांशी बोलावे लागेल. उद्रेकांची साप्ताहिक यादी, जिल्हावार, अपूर्ण असली तर अपूर्ण असल्याच्या टिपेसह, ठरल्या वारी प्रसिद्ध करायला नवा कायदा लागत नाही; आरोग्य मंत्रालयाचा एका पानाचा आदेश पुरतो, आणि तो निघाल्यावर पहिले काही महिने देशातला रोग वाढल्यासारखा दिसेल, याची तयारी ठेवावी लागते.